रोजच्या वापरातली जुनी स्पोर्टी हॅचबॅक: आधी मूळ रूप, मग बदल

चौथा_गिअर (धागाकर्ता)

तीन वर्षांपूर्वी मी १९९६ सालची तीन दारांची हॅचबॅक घेतली. १.६ लिटर, १६ व्हॉल्व्ह, पाच गिअर, वजन हजार किलोच्या आसपास. घेतली तेव्हा १,८७,००० किलोमीटर झाले होते. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण मग चर्चा "तुझी चांगली की माझी" इकडे वळते. मला कामाबद्दल बोलायचं आहे.

माझ्याकडे दुसरी गाडी नाही. शनिवारी जे उघडेन ते रविवारी रात्रीपर्यंत बंद झालंच पाहिजे, सोमवारी सकाळी कामावर याच गाडीने जायचं असतं. तीन वर्षांत काय आधी आणि काय नंतर हे सगळं या एका अटीने ठरवलं.

पहिला महिना मी पान्याला हात लावला नाही, अपवाद टायमिंग बेल्टचा (त्याबद्दल खाली). फक्त चालवली आणि वहीत लिहीत गेलो. ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. ८० च्या पुढे स्टेअरिंग थरथरतं. गार इंजिनावर आरपीएम वरखाली होतो. गतिरोधकावरून उतरताना मागून ठोका येतो. रात्री दिवे लावलेत की नाही असा प्रश्न पडावा इतका कमी उजेड. एकूण सतरा नोंदी झाल्या. ते पान अजून जपून ठेवलं आहे.

धागा काढायचं कारण सांगतो. जुन्या गाडीत बदल करणारे बरेच जण थकलेल्या गाडीवर नवं सामान चढवतात. शॉकअप संपलेले असताना कडक स्प्रिंग बसवतात, गाडी उड्या मारते, आणि दोष स्प्रिंगला दिला जातो. मूळची गाडी नवी असताना कशी वळायची, कशी थांबायची हेच माहीत नसेल तर आपण सुधारतोय नेमकं काय? म्हणून प्रत्येक भाग आधी मूळ स्थितीला आणायचा, त्यावर दोनेक हजार किलोमीटर चालवायचं आणि मगच बदल हवा का ते ठरवायचं, असा नियम मी केला. गंमत म्हणजे निम्म्या ठिकाणी बदल करावासाच वाटला नाही.

टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडबंद करणारा पट्टा): आधीच्या मालकाकडे बदलल्याची नोंद नव्हती, म्हणून पहिल्याच आठवड्यात बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलले. रबर किलोमीटरने झिजतं तसं नुसत्या वर्षांनीही मरतं. बेल्ट तुटल्यावर ज्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, तिथे हेड उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं.

ब्रेक: डावीकडे ओढण्याचं कारण उजव्या कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) सरकणाऱ्या पिना गंजून अडकल्या होत्या. उजवं चाक कमी थांबत होतं, त्यामुळे गाडी डावीकडे जायची. पिना साफ केल्या, ब्रेकचं खास ग्रीस लावलं, रबरी टोप्या नव्या घातल्या. ऑइल गडद तपकिरी निघालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा १५५ वर आलेली चालते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. नवं ऑइल, नव्या होज, मध्यम प्रतीचे चांगले पॅड. एवढ्यावर गाडी अशी थांबायला लागली की मोठ्या डिस्कचा विचार मी तिथेच सोडला.

तेलकट_हात

छान सुरुवात. इंजिनाचं कॉम्प्रेशन (पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते) बघितलं होतं का? माझ्या मते तो आकडा हातात येईपर्यंत रंग, चाकं, सीट कशावरच खर्च करू नये.

चौथा_गिअर

बघितलं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. १२.६, १२.४, १२.५, ११.९ बार. चौथा थोडा कमी, म्हणून त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत घेतलं. आकडा वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, तसाच राहिला असता तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. थोडा वाढला, म्हणजे रिंगांची झीज आहे, पण फरक सहा टक्क्यांच्या आत आहे. या वयाला मी समाधानी आहे. दरवर्षी एकदा मोजून वहीत लिहितो.

आरपीएम वरखाली होण्याचं कारण फार साधं निघालं. थ्रॉटलमागच्या एका व्हॅक्यूम नळीला खालच्या बाजूने चीर होती, वरून बघून दिसत नव्हती. त्याआधी एका गॅरेजमध्ये मला एअर फ्लो सेन्सर बदलायला सांगितलं होतं. धूर सोडून तपासणी केली आणि दोन मिनिटांत चीर सापडली. सेन्सरच्या आधी नळ्या बघा, एवढंच सांगेन.

संथ_वळण

सस्पेन्शनचं काय केलंत? मी माझ्या गाडीत सगळीकडे पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) बुश, म्हणजे सांध्यांतल्या गाद्या, टाकायच्या विचारात आहे. स्टेअरिंगमधून रस्ता हाताला कळला पाहिजे, मला त्यातच खरी मजा वाटते. १९८९ ची माझदा एमएक्स-५ घडवताना तोशिहिको हिराई यांच्या गटाने "जिनबा इत्ताई", म्हणजे घोडा आणि स्वार एकच, हे सूत्र धरलं होतं. तसं काहीतरी हवंय.

चौथा_गिअर

यावर मला जरा लांब लिहायचं आहे, कारण इथे मी एक चूक केली आणि तिची किंमत मोजली.

पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश मी स्वतः बदलले. गाडी स्टँडवर, चाकं लोंबकळलेली, आणि त्याच स्थितीत बोल्ट पूर्ण आवळले. सहा हजार किलोमीटरमध्ये नवे बुश फाटले. मला वाटलं माल खराब. नंतर लक्षात आलं की रबरी बुशची आतली नळी बोल्टने घट्ट धरली जाते आणि आर्म वरखाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं. चाक लोंबकळताना बोल्ट आवळला की गाडी जमिनीवर उभी असतानासुद्धा रबर कायम पिळलेलं राहतं. म्हणून बोल्ट आधी हाताने लावायचे, गाडीचं वजन चाकांवर आणायचं (रॅम्पवर चढवून, किंवा जॅकने आर्म नेहमीच्या उंचीला उचलून) आणि मग टॉर्क पान्याने आवळायचे. दुसरा संच याच पद्धतीने बसवला, त्याला आता ३१,००० किलोमीटर झाले आहेत.

पॉलियुरेथेनबद्दल: ते पिळलं जात नाही, नळीवर फिरतं. त्यामुळे ग्रीस लागतं, नाहीतर करकर सुरू होते. पुढच्या आर्मच्या मागच्या बुशला ते घातलं तर ब्रेक मारताना चाक मागे सरकत नाही, स्टेअरिंग नेमकं होतं. तिथे मीही तेच घातलं आहे. बाकी सगळीकडे रबर. मागच्या अ‍ॅक्सल बीमला तर हात लावूच नका, पुष्कळ गाड्यांत ते बुश मुद्दाम अशा आकाराचे असतात की वळणावर मागची चाकं योग्य दिशा धरतात. तिथे कडक गोल पॉली घातलं की ती सगळी हुशारी निघून जाते. शिवाय रोजच्या गाडीत दीड तास बसायचं असतं. रस्ता हाताला कळावा, दातांना कळू नये.

शॉकअप चारही नवे, स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र खांब) वरचे माउंट आणि बेअरिंग नवे, लिंक रॉड नवे, टाय रॉडची टोकं नवी. त्यानंतर अलाइनमेंट. स्टेअरिंगची थरथर बॅलन्सिंगने अर्धी गेली. उरलेली एका जुन्या टायरची होती, त्याच्या बाजूवर शेवटचे चार आकडे २३०९ होते, म्हणजे २००९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, म्हणून आधी शंका आली नव्हती.

लो_प्रोफाइल

एवढं सगळं केल्यावर गाडी दिसायलाही हवी की. ६० मिमी खाली, १७ इंची चाकं, मग बघा रूप. मी केलं आहे, रोज चालवतो, काही अडत नाही.

चौथा_गिअर

दिसण्याला माझा विरोध नाही. गाडी उभी करून मागे वळून बघावंसं वाटलं पाहिजे, हे मलाही मान्य. पण आकडे मांडतो.

माझा मूळ टायर १८५/६० आर १४, त्याचा व्यास सुमारे ५७८ मिमी. १९५/५० आर १५ चा ५७६. फरक पाव टक्क्याच्या आसपास, स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. टायरची भिंत १११ वरून ९७ मिमीवर येते, वळताना टायर कमी दुमडतो आणि तरीही खड्ड्यात रिम वाचते. १७ इंची २०५/४० चा व्यास जवळपास ५९६. तीन टक्के उंच म्हणजे सगळे गिअर तीन टक्के लांब, ११० अश्वशक्तीच्या इंजिनाला ते जाणवतं. भिंत उरते ८२ मिमी. आणि चाक जड. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, ते प्रत्येक खड्ड्याला शॉकअपने आवरायचं असतं.

उंचीचं म्हणाल तर पुढे मॅकफर्सन स्ट्रट असलेली गाडी फार खाली घेतली की खालचा आर्म चाकाच्या दिशेने वर तिरका होतो. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर मग गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं आणि खाली घेतलेली गाडी वळणावर उलट जास्त कलायला बघते. ते आवरायला आणखी कडक स्प्रिंग लागते, आणि हे चक्र थांबत नाही. शिवाय शॉकअपला हलायला जागा उरत नाही, गाडी बंप स्टॉपवरच (शेवटच्या रबरी अडथळ्यावरच) चालते. मी २५ मिमी खाली घेतली, त्या स्प्रिंगला जुळणाऱ्या शॉकअपसह. चाक आणि फेंडरमधली पोकळी भरली आणि गाडी खड्ड्यात तळाला टेकत नाही.

चाकं ७ जे (रिमची रुंदी, इंचांत), ईटी ३८ (ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर, मिमीत). मूळची ६ जे, ईटी ४५. वाढलेल्या एका इंच रुंदीचे निम्मे १२.७ आणि ऑफसेटचे ७, म्हणजे बाहेरची कडा जवळजवळ २० मिमी बाहेर आली. घेण्याआधी हा हिशोब कागदावर करा, नंतर फेंडर घासायला लागल्यावर नको. नवी चाकं बसवल्यावर ५०-१०० किलोमीटरनी बोल्ट परत टॉर्कला तपासा.

लो_प्रोफाइल

आर्मच्या तिरकेपणाचा मुद्दा माहीत नव्हता. तरी मी १७ सोडणार नाही, मला ती आवडतात. पण उंची २० मिमी परत वर घेऊन बघतो.

गंजशोधक

इंजिन आणि सस्पेन्शन कधीही बदलता येतं हो. पत्रा गेला की गाडी गेली. सिल (दारांखालची पोकळ पट्टी), जॅक लावायच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा ट्रे, स्ट्रट टॉवर. हे बघितलंत का?

चौथा_गिअर

बघितलं, आणि वर्षभरातला सर्वात जास्त वेळ त्यातच गेला.

डाव्या मागच्या कमानीवर रंगाखाली नखाएवढा फुगवटा होता. टोकरला तर खाली तळहाताएवढा गंज. आधी कोणीतरी तिथे लांबी (पुटी) भरून वर रंग मारला होता. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवलं की जिथे ते धरत नाही तिथे लांबी आहे हे कळतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, माझ्या त्या कमानीवर आकडा ९०० च्या पुढे गेला. गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड केला. याला दुसरा मार्ग नाही. भोक पडलेल्या पत्र्यावर गंजरोधक लावून काही होत नाही. वरवरच्या गंजावर मात्र टॅनिक अ‍ॅसिडचं रसायन चांगलं काम करतं, गंज काळा पडून स्थिर होतो, मग प्रायमर.

पण गंज आला कुठून हे शोधल्याशिवाय मी रंगवाल्याकडे गेलो नाही. सिलच्या तळाला पाणी जायची छिद्रं असतात, ती चिखलाने गच्च होती. विंडशील्डखालच्या खाचेत कुजलेली पानं. दारांच्या तळाच्या फटीसुद्धा बुजलेल्या. सगळं मोकळं केलं, आठवडाभर वाळू दिलं, आणि लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीत मेण सोडलं. ते सांध्यांत झिरपत जातं. दोन दिवस पार्किंगमध्ये थेंब पडत होते, काही हरकत नाही.

पूर्ण गाडी रंगवली नाही. कमान आणि बॉनेट एवढंच. बाकी क्ले (रंगावर चिकटलेली घाण उचलणारी माती) फिरवून हलकं पॉलिश. वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, प्रत्येक पॉलिशला त्यातला थोडा जातो, म्हणून चमक येईपर्यंत नव्हे तर ओरखडे सौम्य होईपर्यंतच. दारावर दगडाचे दोन टवके आहेत, ते मी तसेच ठेवले.

दिवा_दिसेना

दिव्यांचं काय केलंत? मी एलईडी बल्ब टाकले, समोरचे सगळे हेडलाइट मारून रागावतात.

चौथा_गिअर

एच४ च्या (दोन फिलामेंटचा हॅलोजन बल्ब) परावर्तकाची घडण फिलामेंट नेमक्या जागी आहे असं धरून केलेली असते. एलईडीचा प्रकाश त्या जागेवरून निघत नाही, म्हणून झोत विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. काढून टाका, कळकळीने सांगतो.

आधी मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू असताना माझ्या बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते आणि बल्बच्या टोकाशी ११.९. हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून तीस वर्षं जुन्या बारीक वायरींतून जात होता. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजच्या जवळजवळ साडेतीन घाताने बदलतो, म्हणजे एवढ्या घटीत ४० टक्के उजेड गेला. दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारे स्विच), बॅटरीजवळ फ्यूज, २.५ चौरस मिमीची वायर आणि अर्थिंगच्या जागा पॉलिश पेपरने घासून नव्या केल्या. आता बल्बला १३.४ मिळतात. बल्ब साधेच, ६०/५५ वॉटचे. पिवळी पडलेली काच (खरं तर पॉलिकार्बोनेट) ८०० पासून ३००० पर्यंतच्या पाण्याच्या पेपरने घासून त्यावर यूव्ही क्लिअर मारलं. तो थर मारला नाही तर काही महिन्यांत परत पिवळी होते.

मूळ_रूप

मला एक प्रामाणिक प्रश्न आहे. मूळ स्थितीतल्या अशा गाड्या दिवसेंदिवस कमी होत आहेत. तुम्ही एवढ्या निगुतीने सगळं करता, तर बदल करायचाच कशाला? आहे तशी जपा.

चौथा_गिअर

प्रश्न आवडला, आणि याचं उत्तर माझ्या मनातही अनेक दिवस घोळत होतं.

१९७६ ची पहिली गोल्फ जीटीआय घ्या. १.६ लिटर, ११० अश्वशक्ती, वजन ८१० किलोच्या आसपास. १९८४ ची प्यूजो २०५ जीटीआय, १.६ लिटर, १०५ अश्वशक्ती. त्या आकड्यांत आज कुणाला विशेष वाटणार नाही. पण या गाड्या हलक्या होत्या, आणि त्यांची सगळी जादू हलकेपणात होती. साध्या घरगुती हॅचबॅकला थोडं बळ, थोडं नेमकं सस्पेन्शन, बस. त्या घडवणाऱ्यांनीसुद्धा साध्या गाडीत विचारपूर्वक बदलच केले होते. मी त्याच वाटेवर दोन पावलं पुढे जातो आहे असं मला वाटतं, म्हणून वजन वाढवणारं काहीही मी घेत नाही. मोठा सबवूफर नाही, जड सीट नाहीत.

आणि कापाकापी नाही. पत्र्याला एक भोकही नवं पाडलेलं नाही. मूळ स्प्रिंगा, चाकं, गिअर लिव्हर, स्टेअरिंग व्हील सगळं पिशव्यांत, चिठ्ठ्या लावून ठेवलं आहे, बोल्टसकट. एका शनिवार-रविवारात गाडी परत १९९६ ची करता येईल.

मूळ_रूप

हे पटलं. हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) क्लिपासुद्धा जपा, त्या आधी दुर्मीळ होतात.

तेलकट_हात

आणि इंजिन? इनटेक, एक्झॉस्ट, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा)?

चौथा_गिअर

इंजिनात फारसं केलं नाही. आधीच्या मालकाने उघडा कोन फिल्टर लावला होता. आवाज छान, पण तो बॉनेटखालची गरम हवा ओढत होता. २५ ऐवजी ५५ अंशांची हवा म्हणजे घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी. मूळ एअर बॉक्स आणि ग्रिलमागून येणारी मूळ नळी शोधून परत लावली. वळण घेऊन बाहेर पडताना पिकअप सुधारलेला लगेच कळला. लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा), प्लग, इंधनाच्या रबरी नळ्या नव्या. एक्झॉस्टचा मागचा सायलेन्सर फक्त बदलला, पाइपची जाडी मूळचीच. जाड पाइपमध्ये वायूचा वेग पडतो आणि रोज ज्या २,५०० आरपीएमवर आपण असतो तिथलाच जोर जातो. कॅम घेतला नाही, कारण गर्दीत सरपटताना मला गुळगुळीत इंजिन हवं आहे.

गिअर लिव्हरचं मात्र आवर्जून सांगतो. शॉर्ट शिफ्टर (लिव्हरची हालचाल कमी करणारा भाग) घ्यायला निघालो होतो, त्याआधी लिंकेजचे प्लॅस्टिकचे बुश बदलले. चार छोटे तुकडे. तिसरा गिअर आता मनगटाच्या एका हालचालीत पडतो. शॉर्ट शिफ्टर घेतलाच नाही.

नवखा_चालक

अशीच गाडी शोधतोय. एकच गोष्ट बघायची तर काय?

गंजशोधक

खालून पत्रा. बाकी सगळं विकत मिळतं.

तेलकट_हात

माझं मत वेगळं. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर परत या.

चौथा_गिअर

दोन्ही बघा. आणि मालकाची वही किंवा पावत्यांची फाइल असेल तर ती गाडीच्या आधी उघडा.

चौथा_गिअर

ताजी खबर: पहिल्या पानावरच्या सतरा नोंदींपैकी दोन उरल्या आहेत. एक, ड्रायव्हर सीटच्या बाजूचा फोम बसला आहे, उतरताना तोच घासला जातो. फोम नवा आणि कापड मूळचंच राहील अशा पद्धतीने करून देणारा शिवणकाम करणारा सापडला आहे. दुसरी, पाऊस झाला की डिकीत स्पेअर व्हीलच्या खोलगट जागेत पाणी साचतं. टेललाइटची दोन्ही गॅस्केट बदलली, तरी येतंच आहे.

गंजशोधक

डिकीचं अस्तर काढा, आत सगळीकडे टाल्कम पावडर मारा. एक जण आत टॉर्च घेऊन बसा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने खालून वर हळूहळू पाणी मारत जायचं. पावडरीवर ओघळ उमटतो, तो वर कुठे सुरू होतो ते बघा.

चौथा_गिअर

सापडलं! टेललाइट नव्हेच. मागच्या दारात वायरी घेऊन जाणारी रबरी नळी, तिच्या वरच्या घडीला चीर. पाणी वायरींवरून आत उतरून खांबातून खाली जात होतं. तिथल्या दोन वायरींचं आवरणही तडकलं आहे, मागचा वायपर मध्येच बंद पडायचा त्याचं कारणही बहुतेक हेच. शनिवारी नळी काढून वायरी सोल्डर करतो.